शेततळ्याचे अस्तर : निवड कशी करावी?

धान्याच्या घाऊक व्यापाऱ्याने शेततळ्याविषयी लेख लिहावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. तथापि पोत्यात हात घालून मूठभर दाणे पाहिले की ते ज्या शिवारातून आले त्या शिवारास वेळेवर पाणी मिळाले किंवा नाही, हे आम्हां व्यापाऱ्यांस सहसा सांगावे लागत नाही. रब्बीची ज्वारी किंवा हरभरा दाणा भरण्याच्या अवस्थेत असता एक पाणी मिळाले तर दाणा टपोरा होतो. ते न मिळाल्यास चिमतो, वजनास उतरतो आणि भावातही उतरतो. शिवाय बेळगाव, चिकोडी, निपाणी, कागल, गडहिंग्लज या भागांतील आपला समाज केवळ पेठेत बसणारा नाही. आपल्यापैकी कित्येक घरांत एका हाती तागडी तर दुसऱ्या हाती नांगर आहे. म्हणून हा विषय परक्याचा नसून आपलाच आहे.

कर्नाटकात इ. स. २०१४ मध्ये सुरू झालेल्या कृषि भाग्य योजनेमुळे ‘कृषि होंड’ हा शब्द आणि महाराष्ट्रात इ. स. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ या योजनेमुळे ‘शेततळे’ हा शब्द घरोघरी पोहोचला. तेव्हापासून आमच्या पेढीवर माल घेऊन येणारे शेतकरी व शेती बाळगणारे व्यापारी बंधू एकच प्रश्न वारंवार विचारतात : “तळ्याला कागद कोणता घालावा?” कागद म्हणजे अर्थातच प्लास्टिकचे अस्तर. प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचे उत्तर देण्यापूर्वी आणखी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. अस्तर मुळात हवे काय? तळ्याचा आकार व उतार कसा असावा? आणि त्या तळ्यात चुकून एखादा जीव पडला तर तो बाहेर कसा येईल? आमच्या मते हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असून तोच बहुधा सर्वांत शेवटी, आणि कित्येकदा अपघात घडल्यानंतर, विचारला जातो.

अस्तर हवे की नको?

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे घोषवाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. अस्तर घातलेले तळे पाणी अडविते खरे, पण जिरविते मात्र नाही. ज्यास आपल्या विहिरीचे पाणी वाढवावयाचे आहे, त्याने तळ्यास अस्तर घालणे म्हणजे हेतूलाच पाचर मारणे होय. उलट ज्यास पावसाळ्याचे पाणी माघ-फाल्गुनापर्यंत राखून पिकास द्यावयाचे आहे, त्यास जमीन पाझरणारी असल्यास अस्तराशिवाय गत्यंतर नाही.

जमीन पाझरणारी आहे किंवा नाही हे घरच्या घरी पाहता येते. तळ्याच्या नियोजित जागी कमरेइतका खड्डा खणावा, तो पाण्याने भरावा आणि भोवतालची माती पुरती भिजू द्यावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाण्याच्या पातळीस खूण करावी. शेजारीच पाण्याने भरलेली एक उभी बादली उन्हात ठेवून तिच्यातही खूण करावी. चोवीस तासांनी दोन्ही पातळ्या मोजाव्या. बादलीतील पाणी जेवढे उतरले तेवढे उन्हाने नेले. खड्ड्यातील पाणी त्याहून जेवढे अधिक उतरले तेवढे मातीने प्याले. चिकण काळ्या मातीत हा फरक पुष्कळदा इतका अल्प भरतो की अस्तराचा खर्च अनाठायी ठरावा. खानापूरकडील तांबडी जमीन, मुरूम किंवा जांभा यांत मात्र फरक डोळ्यांत भरण्याजोगा असतो.

एक गोष्ट येथेच स्पष्ट करावयास हवी. अस्तर पाझर थांबविते, बाष्पीभवन थांबवीत नाही. ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद तळ्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर होतो. चैत्र-वैशाखात दिवसाकाठी ८ मिलिमीटर पाणी उडाले असे धरले तर रोज ७,२०० लिटर पाणी आकाशात जाते. यास्तव साठविलेले पाणी रब्बीच्या पिकास वेळेवर देऊन मोकळे व्हावे, हे उत्तम. कूपनलिकेचे पाणी उपसून उघड्या तळ्यात साठविणे हे तर जमिनीच्या पोटातील झाकलेली ठेव काढून उन्हात मांडण्यासारखे आहे. ज्या गावात असे करणारे वाढले, त्या गावातील शेजाऱ्यांच्या विहिरी त्याची किंमत मोजतात.

अस्तराचे प्रकार

सिमेंट-काँक्रीटचे किंवा दगडी अस्तर मजबूत असते आणि त्यात पायऱ्या बांधता येतात, हा त्याचा मोठा गुण. परंतु त्याचा खर्च भारी. आणि काळ्या मातीत तर ते टिकत नाही. काळी माती भिजली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आकसते. या ओढाताणीत सिमेंटला तडे जातात. मुरमाड किंवा खडकाळ जागी ते शोभते. कोठे कोठे सहा भाग माती व एक भाग सिमेंट यांचा गिलावाही देतात. लहान तळ्यास व तांबड्या जमिनीस तो कमी खर्चात साधतो. मात्र त्याची दरवर्षी डागडुजी करावी लागते.

प्लास्टिकच्या अस्तरांत पहिले पीव्हीसी, म्हणजेच विनाइल. अमेरिकेत घरामागील अंगणात पोहण्याचे जे तलाव असतात, त्यांपैकी पुष्कळ तलावांस हेच अस्तर असते. त्याची जाडी साधारणतः अर्धा ते पाऊण मिलिमीटर असते. ते मऊ असल्यामुळे कोपऱ्यांत नीट बसते, व त्याचे तुकडे विशिष्ट द्रावणाने एकमेकांस चिकटविता येतात. परंतु तेथे त्या अस्तराच्या पाठीशी पोलादी पत्रे, जाड प्लास्टिकचे फलक किंवा काँक्रीट यांची भिंत असते आणि खाली घोटून गुळगुळीत केलेला तळ असतो. आपल्या तळ्यात पाठीशी केवळ माती. शिवाय विनाइलला मऊपणा आणण्यासाठी त्यात तेलकट द्रव्ये मिसळलेली असतात. आपल्याकडील प्रखर उन्हात ती हळूहळू निघून जातात व कागद ताठर होऊन तडकतो. म्हणून शेतात विनाइल वापरावयाचे तर त्यावर मातीचा थर देऊन ते झाकावे. उघडे ठेवू नये.

दुसरे अस्तर कमी घनतेच्या पॉलिथिनचे, ज्यास बाजारात एलडीपीई म्हणतात. दोनशे-अडीचशे मायक्रॉनचा हा पातळ कागद मातीच्या किंवा विटांच्या थराखाली घालण्याच्या कामी येतो. स्वस्त मिळतो म्हणून तो उघडा अंथरला तर एक-दोन उन्हाळ्यांतच त्याच्या चिंध्या होतात.

तिसरे अस्तर अधिक घनतेच्या पॉलिथिनचे, म्हणजे एचडीपीईचे. त्यात दोन जाती आहेत. एक एकसंध काळा कागद. दुसरा विणलेल्या पट्ट्यांच्या कापडास दोन्ही बाजूंनी लेप दिलेला कागद. एकसंध कागद ताठ असतो, कोपऱ्यांत बसविण्यास कठीण जातो, परंतु उन्हास चांगला टिकतो. लेप दिलेल्या विणीच्या कागदाचा गुण असा की एके ठिकाणी भोक पडले तरी फाट पुढे सहसा धावत नाही. मात्र त्याच्या वारंवार घड्या घातल्यास लेप सुटतो आणि घडीच्या रेषेवर बारीक छिद्रे पडतात. या विणीच्या कागदासाठी भारतीय मानक आय. एस. १५३५१ आहे. महाराष्ट्रात शेततळ्यांसाठी ५०० मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाडीचा कागद प्रचारात आहे. उघड्या तळ्यास याहून पातळ कागद घेऊ नये असे आमचेही मत आहे.

चौथे अस्तर ईपीडीएम या कृत्रिम रबराचे. ते मऊ, टिकाऊ आणि कोणत्याही आकारास बसणारे असते. परंतु त्याची किंमत पाहता मोठ्या शेततळ्यास ते परवडणे कठीण. बागेतील लहान कुंडास ते योग्य.

सारांश, पाझरणारी जमीन, मोठे व उघडे तळे आणि मध्यम खर्च अशी जेथे स्थिती आहे तेथे ५०० मायक्रॉन एचडीपीई. जेथे मातीने झाकून घालावयाचे आहे तेथे विनाइल किंवा एलडीपीई. आणि जेथे जमीन कठीण असून तळे लहान आहे तेथे सिमेंट. काळ्या चिकण मातीत आधी बादलीची परीक्षा घ्यावी, मग खर्चाचा विचार करावा.

माल पारखून घ्यावा

धान्य घेताना आपण नमुना पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. तोच नियम येथेही पाळावा. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलके असते, विनाइल पाण्यापेक्षा जड. कागदाचा बोटभर तुकडा पाण्यात पूर्ण बुडवून, त्यास चिकटलेले हवेचे बुडबुडे काढून सोडावा. एचडीपीई म्हणून विकलेला तुकडा तळाशी जाऊन बसला तर तो विनाइल तरी असावा किंवा त्यात खडूसारखी भर घातलेली असावी. दोन्ही प्रसंगी विक्रेत्यास दूरूनच नमस्कार करावा.

दुसरी परीक्षा तागडीची. अर्धा मिलिमीटर जाडीच्या एकसंध एचडीपीईच्या एक चौरस मीटर तुकड्याचे वजन सुमारे ४७० ग्रॅम भरावयास हवे. तीनशे मायक्रॉनचा तुकडा अवघा २८० ग्रॅमच्या आसपास भरेल. विणलेल्या कागदास हा हिशेब तंतोतंत लागू होत नाही; त्याचे दर चौरस मीटरचे वजन व मानकाचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. काळ्या रंगाचाही अर्थ समजून घ्यावा. हा रंग शोभेसाठी नसतो. चांगल्या एकसंध कागदात २ ते ३ टक्के काजळी मिसळलेली असते व तीच उन्हातील अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते.

भाव पाहताना केवळ चौरस मीटरचा दर पाहू नये. समजा, एक कागद चार वर्षे टिकतो व दुसरा दीडपट किमतीचा कागद आठ वर्षे टिकतो. पहिला स्वस्त दिसतो; पण आठ वर्षांत तो दोनदा घ्यावा लागतो, दोनदा मजुरी पडते आणि बदलण्याच्या वर्षी तळे रिकामे राहून पीक हातचे जाते ते निराळेच. हमीच्या कागदावर सही घेताना हमी कशाची, मालाची की जोडाची, हेही वाचून घ्यावे. गळती बहुधा जोडातूनच होते. एचडीपीई डिंकाने चिकटत नाही. त्याचे जोड यंत्राने तापवून वितळवूनच करावे लागतात.

आकार व उतार

आता एक हिशेब मांडतो. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल तळे घेऊ. बाजूंचा उतार एकास एक ठेवला, म्हणजे जितके खाली तितकेच आत, तर तळ २४ मीटर चौरस राहतो व तळ्यात २१ लाख ९६ हजार लिटर पाणी मावते. उतार एकास दीड ठेवला, म्हणजे एक मीटर खाली जाताना दीड मीटर आत, तर तळ २१ मीटर चौरस होतो आणि पाणी १९ लाख ७१ हजार लिटर मावते. सव्वादोन लाख लिटर पाणी कमी झाले, हे खरे. एक एकर पिकास ५ सेंटिमीटरचे एक पाणी द्यावयास सुमारे २ लाख लिटर लागते. म्हणजे एक एकराच्या एका पाण्याएवढी ही तूट आहे. उरलेल्या पाण्यात नऊ एकरांस एक पाणी तरीही निघते.

या तुटीच्या बदल्यात काय मिळते ते पाहावे. माती ढासळण्याचे भय कमी होते. कागदही किंचित कमी लागतो : कडेला चरात दाबण्यासाठी चोहोंकडे दीड मीटर सोडून पहिल्या तळ्यास सुमारे १,२६० व दुसऱ्यास सुमारे १,२१० चौरस मीटर. आणि उभ्या निसरड्या भिंतीऐवजी कलती बाजू मिळते. व्यापारी दृष्टीने हा सौदा तोट्याचा नाही, असे आम्ही निःसंकोच म्हणतो.

कागद अंथरण्यापूर्वी तळ व बाजू यांवरील दगड, मुळ्या, धसकटे काढून बारीक मातीचा थर द्यावा व तो दाबून घ्यावा. खेकडे व घुशी यांची बिळे असल्यास ती आधी बुजवावी. कागद ताणून बसवू नये. काळा एचडीपीई उन्हात तापला म्हणजे ३० मीटर लांबीत १५ ते २० सेंटिमीटर वाढतो व रात्री तितकाच आकसतो. म्हणून सकाळच्या थंड वेळी थोडी ढील ठेवून तो अंथरावा. वरच्या कडा चर खणून मातीत गाडाव्या. पाणी आत येण्याच्या मार्गावर गाळ बसण्यासाठी खड्डा व जादा पाणी बाहेर जाण्यासाठी सांडवा अवश्य ठेवावा. तळे पूर्ण रिकामे करू नये. रिकाम्या तळ्यातील कागद वाऱ्याने उचलला जातो, आणि अतिपावसात खालून भूजल वर आल्यास तो फुग्याप्रमाणे फुगतो. तळाशी हातभर पाणी सदैव राखावे. श्रावकाचारात वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत सरोवर-तलाव सुकविणे हेही एक आहे, हे येथे सहज आठवते. पाण्यातील जीवांच्या रक्षणासाठी घातलेले ते बंधन येथे कागदाच्याही उपयोगी पडते.

पडलेला जीव बाहेर कसा येईल?

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. ओल्या प्लास्टिकवर शेवाळ धरले म्हणजे त्यावर पाय ठरत नाही. एकास एक उताराच्या तळ्यात पोहणारा सशक्त मनुष्यही काठाशी येऊन चढू शकत नाही. धरावयास काही नसते. अस्तर घातलेल्या शेततळ्यांत मुले, स्त्रिया व त्यांना वाचविण्यास उतरलेली माणसे बुडाल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत पुन्हा पुन्हा येतात. जनावरांची तर बातमीही येत नाही. सौंदत्तीकडील आमच्या एका माहितीच्या शेतकऱ्याच्या तळ्यात एक कुत्रे रात्री पाणी पिण्यास उतरले. सकाळी ते मेलेले आढळले. आणि पाण्याच्या रेषेवर चारही बाजूंना शेवाळावर त्याच्या नखांचे ओरखडे होते. चारही बाजूंना, हे ध्यानात घ्यावे. त्या मुक्या प्राण्याने बाहेर पडण्याची वाट सर्व दिशांना शोधली होती; ती कोणी ठेवलीच नव्हती.

आपल्या पूर्वजांनी ती चूक केली नाही. श्रवणबेळगोळ हे नावच मुळी शुभ्र सरोवरावरून पडले आहे, आणि तेथील कल्याणीस पाण्यापर्यंत नेणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. कर्नाटकातील जुन्या पुष्करिणी पाहिल्या तर पायऱ्या हा त्यांचा प्राण आहे. उतरणाऱ्यास जी वाट, तीच पडलेल्यास वर येण्याची वाट. आपण दगड सोडून प्लास्टिक घेतले, ते परवडते म्हणून घेतले, यात गैर काही नाही. परंतु दगडाबरोबर पायरीही सोडली, हे मात्र गैर झाले.

उपाय महाग नाहीत. पहिला, कुंपण व कुलूप लावता येईल असे फाटक. वर उल्लेखिलेल्या अमेरिकेतील तलावांस किमान ४ फूट उंचीचे कुंपण असावे असा तेथील सुरक्षा-विभागाचा निर्देश आहे. कारण १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचे त्या देशातील पहिले कारण पाण्यात बुडणे हेच आहे. कुंपणाच्या जाळीचा खालचा भाग बारीक असावा, म्हणजे लहान प्राणीही आत शिरणार नाहीत. दुसरा, चारही बाजूंनी काठावरील पक्क्या खुंटास बांधून तळापर्यंत सोडलेले जाड दोर, हातभर अंतरावर गाठी मारलेले. तिसरा, एका कोपऱ्यात काथ्याची जाड चटई किंवा जाळी काठापासून तळापर्यंत पसरून वर नीट बांधावी. पाणी कोणत्याही पातळीवर असले तरी कुत्रे, मांजर, साप, सरडा यांस तिच्यावरून चढता येते. चटई कुजली की बदलावी. चौथा, काठावर हवा भरलेली जुनी ट्यूब व लांब बांबू कायम ठेवावा आणि घरातील सर्वांस सांगून ठेवावे की बुडणाऱ्यास आधी हे द्यावे, स्वतः उडी घेऊ नये. पाचवा, जनावरांना पाणी पिण्यासाठी कुंपणाबाहेर हौद बांधावा. तहान बाहेर भागली म्हणजे आत उतरण्याचे कारण उरत नाही.

या पाचही गोष्टींचा खर्च खोदाई व कागद यांच्या खर्चापुढे किरकोळ आहे. कागदाचा सौदा करतानाच त्यांचे टिपण करून एकाच अंदाजपत्रकात तो खर्च धरावा. मागाहून करू म्हटले की ते राहून जाते, हा सर्वांचा अनुभव आहे.

पाणी गाळून प्यावे व गाळल्यावर उरलेली जिवाणी ज्या जलाशयातील पाणी असेल त्याच जलाशयात परत सोडावी, ही शिकवण आपणांस घरातच मिळाली आहे. डोळ्यांस न दिसणाऱ्या जीवासाठी ज्यांनी एवढी काळजी वाहिली, त्यांच्या वंशजांच्या शेतात डोळ्यांस दिसणारा जीव वाटेअभावी बुडू नये. आपले जे बंधू यंदा शेततळे करणार असतील किंवा ज्यांनी ते केले असेल, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी तळ्याच्या काठावर उभे राहून एकदा पाहावे : येथून वर येण्याची वाट आहे काय? नसल्यास दोर आणि चटई यांपासून आरंभ करावा. कागद कोणता, याचा विचार त्यानंतर स्वस्थपणे करता येईल.